मागून तिसरी रांग

थिएटरातले सगळे त्याला थंडोबा म्हणायचे. तिथल्या चारही पडद्यांची वातानुकूलन यंत्रं त्याच्या हाताखाली होती, हे त्या नावाचं एक कारण. दुसरं कारण त्याचा स्वभाव. पंप बंद पडो की गच्चीवरचा पंखा अडको, मॅनेजर घामाघूम होऊन थयथयाट करत असताना हा फक्त "बघतो" म्हणायचा, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवायचा आणि जिना चढायला लागायचा. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, मिशी नीट कातरलेली, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. अशा माणसाच्या पोटात काही पेटत असेल असं कुणाला वाटणार?

पेटायचं, पण एकाच विषयावर. तो विषय म्हणजे पडसाद.

पडसाद हा सिनेमातला महानायक. बाकीचे महानायक उडतात, इमारती उचलतात, डोळ्यांतून ठिणग्या काढतात. पडसाद यातलं काही करत नाही. त्याच्यावर जे फेकावं ते उलट फिरतं आणि फेकणाऱ्यालाच लागतं, एवढीच त्याची शक्ती. पहिला भाग आला तेव्हा थंडोबाची मुलगी, भिंगरी, नुकती शाळेत जायला लागली होती. त्या दिवशी घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तो तिला कामावर घेऊन आला आणि अंधारात मागून तिसऱ्या रांगेत बसवून स्वतः यंत्राच्या खोलीत जायला निघाला. तेवढ्यात पडद्यावर एका घड्याळजीच्या अंगणात दगड उलटा फिरला. थंडोबा होता तिथेच थांबला. मग भिंगरीच्या शेजारच्या खुर्चीत टेकला. मग नीट बसला. त्या खेळाला हॉलमध्ये उकडत होतं, लोक पदर-रुमालांनी वारा घेत होते, आणि यंत्राचा माणूस तोंड उघडं टाकून सिनेमा बघत होता.

तेव्हापासून ती दोघं पडसादची झाली. भिंगरी कडेच्या खुर्चीत, कारण लहानपणी तिला मध्येच पळावं लागायचं आणि पुढे सवय झाली. बाप तिच्या शेजारी, कडेपासून दुसऱ्या खुर्चीत. रांग तीच. आणि एक नियम झाला: तिकीट दारात. दुसऱ्या भागाच्या वेळी त्याने आदल्या दिवशीच मुलीला तिकिटं दाखवली होती, आणि ऐन वेळी गच्चीवरचं यंत्र बसल्याने खेळ चुकला. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. त्यानंतर त्याने तिकिटाचं नाव कधी आधी काढलं नाही. आठवडाभर ती मागे लागायची, "बाबा, काढलंस का रे?" आणि हा म्हणायचा, "बघतो." थिएटरच्या दारात पोचल्यावरच टेस्टरच्या खिशातून दोन तिकिटं निघायची. मोठी झाल्यावरसुद्धा भिंगरी दारात डोळे मिटून हात पुढे करायची.

पडसादने मात्र त्यांना सुखाने राहू दिलं नाही. तिसऱ्या भागात त्याला एक बडबडा जोडीदार दिला. चौथ्यात नट बदलला आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, जणू काही माणसाचं नाक सुट्टीत बदलून येतं. पाचव्याच्या शेवटी सगळं स्वप्न होतं असं कळलं. सहाव्यात पडसाद मेला. थंडोबा दोन दिवस नीट जेवला नाही. बायको म्हणाली, "अहो, शेजारचे गेले तेव्हा तुम्ही एवढे रडला नव्हतात." सातव्यात तो दुसऱ्या कुठल्या विश्वातून जिवंत परत आला, तेव्हा थंडोबा संतापला. "म्हणजे मी उगाच रडलो?" दर वेळी बाहेर पडताना तो जाहीर करायचा, "बास. आता यांचं तोंड बघणार नाही." भिंगरी म्हणायची, "लिहून देतोस?" आणि पुढच्या भागाची झलक आली की बापलेकी मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यात डोकी घालून बसलेली असायची.

एवढी फसवणूक सोसून तो टिकून होता तो एका आशेवर. पहिल्या भागात पडसादचा बाप, तो घड्याळजी, मुलाची शक्ती बघून घाबरतो आणि धुक्यात निघून जातो. दुसऱ्या भागापासून एक राखाडी मुखवट्याचा माणूस कथेत दिसायला लागतो. तो बोलत नाही, लढत नाही, लांबून बघत उभा असतो. थंडोबाचं ठाम मत होतं की तो बापच आहे. एके दिवशी मुखवटा निघेल आणि आतून घड्याळजी निघेल. भिंगरीचंही तेच मत होतं. या एका मतावर त्यांनी कितीतरी रविवार घालवले होते. बाप भांडी पुसता पुसता पुरावे मांडायचा, लेक भर घालायची.

मग भिंगरीचं लग्न झालं.

जावई औषधाच्या दुकानात औषधं द्यायचा. उंच, हसरा, बोलायला गोड. दोष काढायचा म्हटलं तर काढायला जागा नाही, आणि थंडोबाला तेच पहिल्यांदा खुपलं. दुसरं खुपलं ते लग्नानंतर बायकोबरोबर लेकीच्या घरी गेला, त्या पहिल्याच भेटीत.

"बाबा, मीसुद्धा पडसादवाला आहे हं," जावई म्हणाला आणि त्याने बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट उघडलं. आत पडसादच पडसाद. उभा, बसलेला, तुटक्या पुलावरचा, मेलेला, परत आलेला. प्रत्येकाच्या पायाखाली छोटा दिवा. सगळ्यांच्या मागे, कोपऱ्यात, एक स्वस्तातला प्लास्टिकचा पडसाद होता, ज्याचा मोडका हात चंदेरी चिकटपट्टीने बांधलेला होता. ती पट्टी एसीच्या नळ्यांना लावायची. थंडोबाने ती स्वतः लावली होती, भिंगरी दुसरीत असताना.

"हा मागे का?" त्याने विचारलं.

"तो तिचा आहे. मला हात लावू देत नाही," जावई हसत म्हणाला.

थंडोबाच्या कानांत फक्त 'मागे' एवढंच राहिलं.

चहाबरोबर गप्पा निघाल्या आणि गाडी अर्थातच राखाडी मुखवट्यावर आली. जावयाने कप खाली ठेवला. "बाबा, रागवू नका, पण तो बाप असूच शकत नाही. तो पडसाद स्वतःच आहे. म्हातारा झालेला, पुढच्या काळातून आलेला. चौथ्या भागात पुलावर तो डाव्या पायावर भार देऊन उभा असतो, आठवतंय? आणि पडसादचा उजवा गुडघा कधी मोडतो? सातव्यात!"

थंडोबाने लेकीकडे बघितलं. आता ही काय तो समाचार घेईल, या भरवशाने.

भिंगरीने बिस्किट चहात बुडवलं. "पटतं रे बाबा त्याचं," ती म्हणाली. "गुडघ्याचा विचार आपण केलाच नव्हता."

आपण! थंडोबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण जावयासमोर बोलायची सोय नाही. "असेलही," तो म्हणाला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. घरी परतताना बायकोने विचारलं, "गप्प का हो?" तर म्हणाला, "गुडघा दुखतोय."

तेव्हापासून जळफळाट सुरू झाला तो थांबेना. भिंगरीचा फोन आला की प्रत्येक तिसऱ्या वाक्यात 'तो म्हणतो'. तो म्हणतो की आठवा भाग घाईत काढला. तो म्हणतो की मूळ चित्रकथांत जोडीदार नव्हताच. मूळ चित्रकथा! थंडोबाने त्या कधी बघितल्याही नव्हत्या. जावयाने परदेशातून मागवल्या होत्या. इतकी वर्षं जे प्रेम याने घामाने केलं होतं, ते त्याने दिवे लावून कपाटात मांडलं होतं. एकदा फोनवर मागून जावयाचा आवाज आला, कसलीतरी नक्कल करत होता, आणि भिंगरी खळखळून हसली. ते हसू थंडोबाच्या ओळखीचं होतं. पडसादच्या बडबड्या जोडीदाराची नक्कल तो स्वतः करायचा तेव्हा ती असंच हसायची. म्हणजे आता नक्कलसुद्धा गेली.

"अहो, मुलीचा संसार सुखाचा चाललाय याचं दुःख करणारा बाप मी पहिल्यांदा बघतेय," बायको म्हणाली.

"दुःख कोण करतंय? मला काय पडलंय?"

"तेच तर. काही पडलं नसतं तर चपाती अशी फाडली नसतीत."

आणि मग जाहीर झालं की नववा भाग शेवटचा. राखाडी मुखवटा उतरणार. पोस्टर थिएटरच्या दर्शनी भिंतीवर चढलं, तेव्हा थंडोबा खाली उभा राहून वर बघत राहिला. तिकीटखिडकीवरची बाई म्हणाली, "काय थंडोबा, तुमची ठरलेली दोन ना? बाजूला ठेवू?"

"थांब जरा," तो म्हणाला.

कारण आता विचारायचं कुणी? आजवर हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. लग्न झालेल्या लेकीला 'नवऱ्याला सोडून माझ्याबरोबर चल' असं कसं म्हणायचं? आणि 'मलाही न्या' असं तर तो प्राण गेला तरी म्हणणार नव्हता. तिनेच विचारावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्याने फोनवर आडून आडून खडा टाकून बघितला.

"काय मग, शेवटचा भाग बघायचाय की नाही?"

"बघते," भिंगरी म्हणाली आणि दुसराच विषय काढला.

बघते! एवढंच? थंडोबाचा चेहरा पडला. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिने तवा पुढे ओढला.

"सरळ विचारा ना हो."

"मी का विचारू?"

"मग धीर धरा. तुम्हाला काय कमी धीर आहे? सगळं गाव थंडोबा म्हणतं."

त्या रविवारी ती दोघं लेकीकडे गेली. भिंगरी आत चहा टाकत होती, थंडोबा बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसला होता. आतून जावयाचा उत्साहाने फुटलेला आवाज आला, "मिळाली! पहिल्या दिवशीचा संध्याकाळचा खेळ. मागून तिसरी रांग. कडेची, तिच्या शेजारची, आणि..."

"अरे, हळू! बाबा बसलाय बाहेर," भिंगरी दबक्या आवाजात ओरडली. मग कपबश्यांचा खडखडाट झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

ऐकायला उरलंच काय होतं? मागून तिसरी रांग. आपली रांग. कडेला भिंगरी आणि कडेपासून दुसऱ्या खुर्चीत जावई. आपल्या खुर्चीत. आणि वर बापापासून चोरून! माणसाने मुलगी नेली, चित्रकथा मागवल्या, मुखवट्याचं मत फिरवलं, हे सगळं एक वेळ समजू शकतं. पण खुर्ची? थिएटरात काय दुसऱ्या खुर्च्या नव्हत्या? थंडोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. जावयाने चहाचा ट्रे पुढे केला, त्याने हसून कप उचलला. वाफाळता चहा फुंकर न घालताच ओठांना लावला.

"बाबा, तब्येत बरी आहे ना?" जावयाने विचारलं.

"उत्तम," थंडोबा म्हणाला.

शेवटच्या भागाच्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर कामावर गेला. मोठ्या पडद्याचा हॉल रिकामा होता, झाडणारी बाई नुकतीच पुढच्या रांगा उरकून गेली होती. या हॉलमध्ये मागच्या रांगांवर छत खाली उतरलेलं आहे, कारण त्यावर प्रोजेक्टरची खोली आहे. तिथल्या हवेच्या जाळ्या शिडीवरून हाताला लागतात. जाळीला आडवी पाती असतात. ती छताला समांतर ठेवायची, म्हणजे थंड हवा छतालगत पसरते आणि अलगद खाली येते. बसलेल्या माणसाच्या अंगावर सरळ झोत येता कामा नये, हा त्या धंद्यातला पहिला धडा. नवीन येणाऱ्या प्रत्येक मदतनिसाला तो थंडोबानेच शिकवला होता.

त्याने शिडी मागून तिसऱ्या रांगेत लावली. कडेपासून दुसऱ्या खुर्चीच्या वरची जाळी शोधली आणि तिची पाती एकेक करून खाली वळवली. आतली झडप पूर्ण उघडली. शिडीवरून उतरून तो त्या खुर्चीत बसला. गार हवेची बारीक धार नेमकी मानेवर आली. जरा डावीकडे सरकला, कडेच्या खुर्चीकडे हात लांबवून बघितला. तिथे काही नाही. पोरीला त्रास नको. परत शिडी चढला, पाती आणखी केसभर वळवली, परत बसला. मानेवर काटा आला. समाधान झालं.

"आज शिडी इकडे?" बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्या शोधून देणारा म्हातारा दारातून डोकावला.

"तक्रार होती."

"कुणाची?"

"आहे एकाची," थंडोबा म्हणाला आणि शिडी मिटली.

दिवसभर तो खुशीत होता. संध्याकाळची पाळी त्याची नव्हती, पण त्याने दुसऱ्याची मागून घेतली. यंत्राच्या खोलीतून हॉलमध्ये बघायला एक छोटी खिडकी होती. जावईबापूंनी कॉलर वर केलेली त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. दिव्यांच्या कपाटात ठेवलेल्या पडसादला थंडी वाजत नसेल, यांना वाजेल. मुखवट्याच्या आतून कोण निघतं याच्याइतकीच त्याला याची उत्सुकता लागली होती. खरं तर थोडी जास्तच.

खेळाची वेळ झाली. लोक आत शिरत होते. पोरंटोरं मुखवटे घालून आली होती. थंडोबा जिन्याखालच्या दारातून यंत्राच्या खोलीकडे सटकत होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा! अरे कुठे असतोस? फोन का उचलत नाहीस?"

भिंगरी होती. मागे जावई, अंगात पाठीवर पडसादचं चिन्ह असलेलं जाड जाकीट. दोघं धावत आल्यासारखी दिसत होती.

"मी... कामावर आहे."

"आज तुझी पाळी नाही. आईने सांगितलंय. डोळे मीट."

"काय?"

"डोळे मीट आणि हात पुढे कर."

थंडोबाने हात पुढे केला. डोळे मिटायचे राहिले. भिंगरीने पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक तिकीट काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. मोबाईलवर असतं तसं नाही, मुद्दाम छापून घेतलेलं, कागदाचं.

"तिकीट दारात," ती म्हणाली. "आठवडाभर जीभ चावून बसलेय. हा तर दोनदा फुटणारच होता."

"एकदाच," जावई म्हणाला. "बाबा, तुमची नेहमीची खुर्ची. तिच्या शेजारची. मी पलीकडे, तिसऱ्यावर. तुमच्या दोघांत मी कशाला?"

थंडोबा तिकिटाकडे बघत राहिला. मागून तिसरी रांग. कडेपासून दुसरी.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "वर जरा काम आहे. पाती..."

"कसली पाती? सुरू होतंय!" भिंगरीने त्याचा दंड धरला आणि लहानपणी तो तिला ओढायचा तसं त्याला आत ओढलं.

तो बसला. मानेवर धार आली. सकाळी हॉल रिकामा होता, आता चारशे माणसांसाठी यंत्र पूर्ण जोरात चालू होतं. धार कसली, ती सुरीच झाली होती. पडद्यावर सूर्य उगवला, शहर जळलं, ज्वालामुखी फुटला, आणि थंडोबा दातांवर दात दाबून बसला. खांदे कानांना टेकले. रुमाल काढून मानेवर टाकला तर तो फडफडायला लागला.

मध्यंतरात भिंगरी म्हणाली, "बाबा, कुडकुडतोयस तू. त्या तिसऱ्या खुर्चीवर जा ना, हा इथे बसेल."

आजवर असा सोपा सुटकेचा रस्ता त्याच्यापुढे कधी आला नसेल. पण तिसऱ्या खुर्चीवर जायचं म्हणजे लेकीच्या शेजारी जावयाला बसवायचं. ज्याच्यासाठी एवढी शिडी चढलो, ते आपल्याच हाताने त्याला द्यायचं?

"छे," तो म्हणाला. "मला गारच आवडतं."

"थंडोबा ना ते," जावई म्हणाला आणि त्याने अंगातलं जाकीट काढून सासऱ्याच्या खांद्यांवर पांघरलं. नको म्हणायच्या आत झिपसुद्धा ओढली. जाकीट ऊबदार होतं, आणि नेमकं मापात बसलं. या गोष्टीचाही थंडोबाला राग आला. जाकीट तरी ढगळ व्हायला काय हरकत होती? मोठेपणा दाखवायची वेळ आली तरी पुढे हाच. खुर्ची सोडायची हा सोडणार, जाकीट द्यायचं हा देणार. आपल्या वाट्याला मनाचा मोठेपणा म्हणून काही शिल्लकच ठेवायचं नाही, असं याने ठरवलेलं दिसतं.

शेवट जवळ आला. राखाडी मुखवटा पुलावर उभा राहिला. सगळा हॉल श्वास रोखून बसला. भिंगरीने अंधारात बापाचा हात धरला आणि ती दचकली. हात बर्फ झाला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग मान वर करून छताकडे. एसीवाल्याची मुलगी ती. लहानपणी याच छताखाली शिडीच्या पायाशी बसून तिने जाळ्या मोजल्या होत्या. रांगेतल्या सगळ्या जाळ्यांची पाती आडवी होती आणि एकीची सरळ खाली, तिच्या बापाच्या टाळूवर रोखलेली.

तिने परत बापाकडे बघितलं. मग पलीकडे नवऱ्याकडे. मग खुर्चीकडे.

"बाबा," ती त्याच्या कानाशी कुजबुजली, "हे कुणासाठी होतं?"

"पुढे बघ. मुखवटा काढतोय."

"बाबा!"

"भिंगरे, पुढे बघ."

पडद्यावर मुखवटा निघाला. आत दुसरा मुखवटा होता. काळा. मग पडदा अंधारला आणि अक्षरं उमटली की राखाडी मुखवट्याची स्वतंत्र कहाणी लवकरच, नव्या मालिकेत.

हॉलमध्ये आधी शांतता पसरली, मग कुठूनतरी शिट्टी आली, मग कुणीतरी लाह्यांचा डबा भिरकावला. भिंगरी हसत सुटली होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आणि सिनेमाला हसतेय की आणखी कशाला, ते फक्त तिच्या बापाला कळत होतं.

"फसवलं!" जावई उभा राहून ओरडला. "नऊ भाग! नऊ भाग वाट बघायला लावून आत दुसरा मुखवटा? हे म्हणजे पेशंटला डबी द्यायची आणि डबीत डबी!"

"गुडघा गेला तुमचा," थंडोबा म्हणाला. दात वाजत होते तरी हे बोलल्याशिवाय त्याला राहवेना.

"आणि तुमचा बाप गेला, बाबा."

"माझा बाप अजून गेला नाही. दुसऱ्या मुखवट्याच्या आत असू शकतो."

"किंवा म्हातारा पडसाद!"

सासरा-जावई दोघेही तावातावाने बोलत बाहेर पडले. दिग्दर्शकाचा उद्धार झाला, बदललेल्या नटाचा झाला, सातव्या भागाला नव्याने शिव्या बसल्या. जावई छान चिडायचा. ती डबीत डबी थंडोबाला मनापासून आवडली आणि आपल्याला का सुचली नाही म्हणून लागलीसुद्धा. दाराशी आल्यावर त्याला तीन शिंका आल्या. जावयाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "जेवल्यावर एक घ्या. आणि बाबा, उद्या मॅनेजरला कळवतोच मी. त्या खुर्चीवर कसला झोत येतोय! एखाद्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया व्हायचा."

"कळव, कळव," भिंगरी म्हणाली. "ज्याचं काम असेल त्याला चांगलं झापायला सांग."

दुसऱ्या दिवशी थंडोबा नाक पुसत कामावर आला तेव्हा मॅनेजर दारातच उभा होता. "मोठ्या हॉलमध्ये मागून तिसऱ्या रांगेत थंडी आहे म्हणे. तक्रार तुमच्याच जावयाची आहे, पण काय सभ्य भाषेत दिलीय हो! माणूस भला आहे."

"आहे खरा," थंडोबा म्हणाला. हे त्याला पहिल्यांदाच मोठ्याने कबूल करावं लागलं होतं, आणि ते औषधाच्या गोळीपेक्षा कडू लागलं. "बघतो."

तो शिडी घेऊन गेला. पाती आडवी केली, झडप जागेवर आणली, खुर्चीत बसून खात्री करून घेतली. अंगात अजून ते जाकीट होतं. सर्दी आहे म्हणून घातलंय, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. तिने काही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात भिंगरीचा फोन आला. "काय, काम झालं का?"

"कसलं काम?"

"बरं, राहू दे. मी त्याला सांगितलं नाहीये." मग तिने विषय बदलला. "ऐक ना, राखाडी मुखवट्याचा पहिला भाग पुढच्या वर्षी येतोय. तारीख लागली."

"मी नाही बघणार. या लोकांचं तोंड बघायचं नाही म्हणजे नाही. नऊ वेळा फसलो तेवढं पुरे."

"लिहून देतोस?"

"हवं तर शिक्का मारून देतो."

"ठीक आहे," भिंगरी म्हणाली. "मग मी याच्याबरोबर जाते. तुझ्या खुर्चीत तो बसेल."

थंडोबाने वर जाळीकडे बघितलं. मग शेजारच्या, कडेच्या रिकाम्या खुर्चीकडे. लेक पलीकडे हसू दाबतेय हे त्याला फोनमधूनसुद्धा दिसत होतं.

"बघतो," तो म्हणाला.